जागलीचं झबलं

"बाळाच्या खोलीत लावलीस ते ठीक, केतू. पण आईकडे लावू नकोस. आणि लावलीसच, तर उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नकोस."

नजमा तडवी हे म्हणाली तेव्हा केतकी रेवाला खांद्यावर घेऊन तिची ढेकर काढत होती. बाळंतपणाची काळी वर्तुळं अजून डोळ्यांखालून गेली नव्हती. नजमा तिची एम.एस्सी.ची मैत्रीण, मूळची यावलची, वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली. भौतिकशास्त्राची पदवी दोघींनी एकदमच घेतली. पुढे केतकी ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली आणि रेवाच्या वेळी घरी बसली. नजमा पुण्यातल्याच एका कंपनीत लागली. अवरक्त किरण टिपणाऱ्या चिप्स तपासायचं तिचं काम. त्याच चिप्स 'जागली'त बसत.

"तू ना, लग्नाच्या पंगतीतही आधी ताटाखाली बघशील, झुरळ आहे का म्हणून," केतकी हसली.

"बघतेच. आणि बहुतेकदा असतं," नजमा म्हणाली.

शेतात राखणीला बसतात त्याला जागल म्हणतात. कंपनीने नाव तिथून उचललं होतं. भिंतीवर लावायचा, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा ओंजळीएवढा पांढरा डबा आणि मधोमध काळ्या काचेचा डोळा. हा कॅमेरा नव्हे. माणसाच्या अंगातून जी ऊब सतत बाहेर पडत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात, तेवढीच तो डोळा टिपायचा. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाचं कपाळ किती तापलंय ते दशांशापर्यंत सांगायचा आणि फोनवर, तसाच डब्याच्या कोपऱ्यावरही, एक ठिपका दाखवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धावा.

त्या ठिपक्याने केतकीला झोप परत दिली होती. त्याआधी ती झोपलेल्या रेवाच्या नाकाखाली बोट धरून बसायची आणि घाबरून नवऱ्याला हलवायची, "निषाद, ती श्वास घेतेय ना रे?"

"तुझ्या आवाजाने उठून रडतेय," निषाद उशीत तोंड खुपसून म्हणायचा. "म्हणजे घेतेय."

जागल आली आणि हे सगळं थांबलं. मग तीच शांतता आईच्या बाबतीतही मिळाली तर काय वाईट? आई भुसावळला एकटी राहायची. केतकीचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई पुण्याला यायचं नाव काढत नव्हती.

"ऐक तरी," नजमा चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाली. "आमच्याकडची ती जुनी बारव आठवते? पायऱ्यांची विहीर? चिपमध्ये तशाच विहिरी असतात. केसापेक्षा हजारो पट बारीक थर एकावर एक रचलेले, आणि त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन. सगळे खालच्या पायरीवर बसलेले. अंगाच्या उबेचा नेमका किरण आला की एकजण तो गिळतो आणि उडी मारून वर येतो. आपण वर आलेल्यांची मोजणी करतो. झाली ऊब मोजून."

"क्वांटम वेल. मलाही शिकवलंय हे."

"मग हेही शिकवलं असेल, की हे सगळं चिप गारठलेली असेपर्यंतच चालतं. उणे दोनशे अंशांच्या आसपास. म्हणून डब्यात अंगठ्याएवढा कूलर आहे. चिप गरम व्हायला लागली की पोरं जागेवर बसत नाहीत. काही किरण न येताच उगीच वर चढतात. खाली उरलेली विस्कटतात. मग ज्या किरणावर सगळी मिळून तुटून पडायची, तो आता अर्धामुर्धाच गिळला जातो. शोषणाचं शिखर बसकं होतं, पसरतं, थोडं सरकतं. माणूस तेवढाच तापलेला असतो, चिपला तो कमी दिसतो."

"त्यासाठी दुरुस्तीचा तक्ता असतोच की सॉफ्टवेअरमध्ये. चिपचं तापमान बघून आकडा सुधारतात."

"असतो. पण तो आम्ही प्रयोगशाळेत बनवतो, केतू. एसी लावून. आणि कूलर जी उष्णता बाहेर टाकतो ती खोलीतच टाकतो ना, फ्रिजच्या पाठीसारखी? खोलीच भट्टी असेल तर टाकणार कुठे? तुला माहेरचा मे महिना माहितीये."

रेवाने ढेकर दिली, सोबत थोडं दूधही. केतकी ते पुसायला उठली. "बरं बाई, उन्हाळ्यात बघू," ती म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

*

दिवाळीनंतर केतकी आणि निषाद रेवाला घेऊन भुसावळला गेले, जागल सोबत घेऊनच. आई, म्हणजे प्रभा कॉलनीतल्या भंगाळे बाई, मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात नागवी वस्तू म्हणून सापडायची नाही. मिक्सरला झालरीचं कव्हर, टीव्हीला क्रोशाचा रुमाल, इन्व्हर्टरला फुलाफुलांचा अंगरखा. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा परकर होता. निषाद पहिल्यांदा आला तेव्हा केतकीच्या कानात म्हणाला होता, "मी इथे उभा राहिलो तर मलाही माप घेऊन शिवतील का?"

"हे दिवसभर माझ्याकडे बघत बसणार का?" आई भिंतीवरच्या डब्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग मी काय रोज इरकल नेसून बसू?"

"आई, तिला तू दिसत नाहीस. तुझी फक्त ऊब दिसते."

"ऊब दिसते?" आईने जावयाकडे चोरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग तुझ्या बाबांपेक्षा हुशार आहे वं ही."

केतकी खळखळून हसली. डब्यातून बारीक घूं घूं येत होती. आईने बोट फिरवून बघितलं. "वरती ह्या चिरा कशाला ठेवल्या? धूळ जाईल की आत."

"असू दे गं," केतकी म्हणाली. रेवा रडत होती, बॅगा भरायच्या होत्या.

आठवडाभराने फोटो आला. जागलीला पिवळ्या सुती कापडाचं नीटस कव्हर, कापडावर तपकिरी खारी छापलेल्या. डोळ्यापुरता गोल कापून त्याला पांढरी गोट. खाली आईचा आवाज: "रेवाच्या झबल्यातून कापड उरलं होतं. मग हिलेही एक झबलं शिवलं. दोघी माझ्या नाती."

फोटोत काळा डोळा उघडा होता. वरच्या चिरा झबल्याखाली गेल्या होत्या. केतकीने फोटो बघितला, निषादला दाखवला आणि लाल बदाम पाठवला. मागे त्याच खारींचं झबलं घातलेली रेवा पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होती.

*

पूर्वी रोज संध्याकाळी कणीक मळता मळता केतकी आईला फोन करायची. आई तेच विचारायची. जेवली का, पोरीला शी झाली का, नवरा वेळेवर येतो का. मग शेजारच्या सपकाळे काकूंच्या सुनेचं काहीतरी, मग नळाला पाणी किती आलं ते. केतकी हो-हो करत पोळ्या लाटायची. आता तिच्या फोनवर शेजारी शेजारी दोन ठिपके होते. डावा रेवाचा, उजवा आईचा. दोन्ही हिरवे दिसले की तिच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं आणि फोन राहून जायचा. आधी एखादा दिवस, मग आठवड्यातले बरेच.

"तुझा फोन नाही आला," एकदा आईनेच केला.

"अगं, मला दिसतं ना तू ठीक आहेस ते. सकाळी उठल्या उठल्या आधी तुझा ठिपका बघते."

आई म्हणाली, "तुले दिसतं, माय. मले नाही दिसत तू कशी आहे ते."

केतकीला ते लागलं. दोन दिवस तिने नेमाने फोन केला. मग रेवाला सर्दी झाली.

संक्रांतीच्या सुमाराला मात्र आईचा आवाज खुलला होता. कॉलनीत एकट्या राहणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या होत्या. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. बहुतेकींचे नवरे गेलेले, म्हणून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. आईने ठरवलं, आपण बोलवायचं. ज्यांना कुणी बोलवत नाही नेमक्या त्यांनाच. तिळगूळ, मसाला दूध, आणि वाण.

"वाण काय दिलंस?"

"ओळख!" आई म्हणाली. "झबलं! माझ्याकडची जागल बघून सगळ्यांच्या पोरांनी लावून दिल्या ना. मग कापडाच्या दुकानातून खारींचा अख्खा तागाच आणला. पाचपांडे आजी तर म्हणे, भंगाळे बाई, माझ्या डब्याला आता थंडी नाही वाजणार. खूप हसलो आम्ही. काही उरले ते माझ्या शाळेतल्या जुन्या पोरींना पाठवले, त्यांच्याही आया-सासवा एकट्या आहेत. एक तर..."

"आई, रेवा उठली. नंतर करते."

त्या जुन्या विद्यार्थिनी कोण, कुठल्या गावच्या, हे केतकीने नंतरही विचारलं नाही.

*

त्या वर्षीच्या मेने खानदेश भाजून काढला. पारा सत्तेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. विजेच्या तारा लोंबल्या, रोहित्रं जळू लागली, भर दुपारी वीज जाऊ लागली. प्रभा कॉलनीत दरवर्षी अशा दिवसांत महिला मंडळाची फेरी असे. सपकाळे काकू आणि आणखी दोघी-तिघी ताकाची बरणी घेऊन म्हाताऱ्या माणसांची दारं वाजवत फिरत. या वर्षी फेरी होतीच, पण आखूड. ज्या घरी जागल आहे तिथे जायची गरज उरली नव्हती. काकूंच्या फोनवर कॉलनीतले सगळे ठिपके दिसायचे. आता त्यांचंही वय झालं होतं, उन्हात कशाला उगीच फिरायचं?

अशाच एका दिवशी पुण्यात रेवाला लस टोचून आणली होती. दुपारपासून ती कण्हत होती आणि तिचा ठिपका पिवळा झाला होता. केतकी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून बसली होती, नजर फोनवर. अडतीस पूर्णांक दोन. अडतीस पूर्णांक एक. पुन्हा दोन. सकाळी आईचे दोन फोन येऊन गेले होते, रेवा किंचाळत असताना. तिने उजवीकडे बघितलं होतं. हिरवा. 'विश्रांती. ३६.९.' मग परत फोन करायचं राहिलं.

आता रेवाचा आकडा हलताना बघता बघता तिची नजर उजवीकडे गेली. ३६.९.

रेवाचा आकडा वर-खाली झाला. आईचा तसाच.

केतकीला आधी कळलंच नाही की तिला काय खुपतंय. इतके महिने ती हे आकडे बघत आली होती, इतर बायका मालिका बघतात तशी. तिला त्यांचा स्वभाव माहीत होता. जिवंत माणसाचा आकडा कधी स्वस्थ नसतो. कूस बदलली, घोटभर पाणी प्यायलं, स्वप्न पडलं, तरी दशांश हलतो. सकाळी आईचा ठिपका बघितला तेव्हाही ३६.९ होतं. आणि भुसावळमध्ये वीज गेलेल्या खोलीत, जिथे भिंतीला हात लावला तर चटका बसतो, तिथे आईचं कपाळ सकाळपासून एका दशांशानेही हललं नव्हतं?

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग नजमाला.

"आकडा गोठलाय?" नजमाचा आवाज एकदम बदलला. "केतू, सेटिंगमध्ये जा. आतल्या आत, 'उपकरण', मग 'आरोग्य'. चिपचं तापमान सांग."

तिथे एक राखाडी त्रिकोण होता, तिळाएवढा. 'अचूकता मर्यादित.' केतकीने खालचा आकडा वाचला.

"हे कसं शक्य आहे?" नजमा म्हणाली. "नुसत्या खोलीच्या गरमीने इतकं चढत नाही. वरच्या चिरा मोकळ्या आहेत ना?"

केतकीच्या मांडीवर रेवा होती, आईने मोठ्या मापाचं शिवून पाठवलेल्या पिवळ्या झबल्यातली, झबल्यावर खारी.

"केतू?"

"तिने झबलं शिवलंय तिला," केतकी म्हणाली. "मी फोटो बघितला होता, नजमा. बदाम पाठवला होता मी."

नजमा झरझर सांगू लागली. "चिप तापत गेली, शोषण घटत गेलं, तसा ताप कमी दिसत गेला. चाळीस असेल तर तिला सदतीस दिसला असेल. पुढे तक्ताच संपला. तक्ता संपला की सॉफ्टवेअर शेवटचा भरवशाचा आकडा धरून ठेवतं. खोट्या धोक्याच्या घंटा वाजायच्या म्हणून लोक डबे परत करायचे, म्हणून तसं केलं. मी नको म्हणून लिहून दिलं होतं. ते जाऊ दे. तो आकडा सकाळचा आहे. आता काय आहे ते कुणालाच माहीत नाही. तिथे कोण जाऊ शकतं?"

*

"अगं, मी आत्ताच बघितला की तिचा ठिपका," सपकाळे काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुपारची झोप होती. "हिरवागार आहे. झोपली असेल. या उन्हात उगीच दार वाजवून..."

"काकू, ठिपका विसरा. तो खोटा आहे. दार वाजवा, नाही उघडलं तर तोडा."

"तोडा?"

"तोडा, काकू! मी पाया पडते तुमच्या!"

फोन चालूच राहिला. केतकीला चपलांचा आवाज ऐकू आला, फाटक करकरलं, काकूंची हाक, "उज्ज्वला! ए उज्ज्वला!" मग दारावरच्या थापा. मग कुणा पुरुषाचा आवाज, आतली कडी उखडल्याचा खाडकन आवाज, आणि त्यानंतर काकूंचं नुसतं "अगं बाई. अगं बाई गं."

"काकू, श्वास आहे का? काकू!"

"आहे. पण अंग... हात लाववत नाही, केतकी. तव्यासारखं आहे. घाम नाही टिपूसभर. ओळखत नाही मला."

रिक्षा, बर्फ, ओल्या चादरी, दवाखाना. केतकी इथे फोनवरून ओरडत होती आणि तिकडे माणसं धावत होती. निषाद ऑफिसातून येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, त्याने रेवाला उचललं. आणि मग, आईला घेऊन रिक्षा निघाल्यावर, काकू दम खात म्हणाल्या, "आता तिच्या घराला कुलूप लावते गं. ही जागल बंद करू का? अजून हिरवी दाखवतेय मेली. माझ्या लुगड्यापेक्षा नवं दिसतंय झबलं तिचं."

केतकी ताडकन उठली.

"काकू, संक्रांतीला आईने वाण दिलं होतं. कुणाकुणाला?"

"झबल्याचं? सगळ्या एकट्या..." काकू थांबल्या.

आईने वाण नेमकं त्यांनाच दिलं होतं, ज्यांच्याकडे येणारं-जाणारं कुणी नव्हतं. जानेवारीत डबे थंड होते, झबल्याने काही बिघडलं नाही. आता मे होता. आणि मंडळाची फेरी नेमक्या त्याच घरांना टाळून गेली होती.

"कोण कोण आलं होतं ते आठवा," केतकी म्हणाली. "मी फोनवरच आहे. एकेक दार."

काकू निघाल्या. त्या सत्तरीच्या बाईने त्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल टाकून एकेक फाटक उघडलं. एकीने दार उघडून विचारलं, "काय झालं गं, कुणी गेलं का?" दुसरी बाथरूमच्या ओल्या फरशीवर पदर पसरून पडली होती. शुद्ध होती, हसून म्हणाली, "इथे जरा बरं वाटतं." तिसरी मुलाकडे गेलेली. उघडलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर खारी होत्या आणि प्रत्येक डब्याचा ठिपका हिरवा होता.

पाचपांडे आजी खुर्चीत बसल्या होत्या. समोर अर्धवट निवडलेल्या मेथीचं ताट. काकू त्यांना हाक मारत राहिल्या आणि केतकी पुण्यात, एसीच्या गार हवेत, ऐकत राहिली. बंगळूरला आजींच्या मुलाच्या फोनवर तेव्हा 'विश्रांती' लिहिलेलं होतं. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

*

आई वाचली. म्हणजे डॉक्टर तरी तसंच म्हणाले. इतका वेळ इतका ताप राहिला की मेंदूचा मागचा भाग, जो तोल आणि हात सांभाळतो, तो भाजून निघतो, असं त्यांनी समजावलं. आता ती पुण्याला केतकीकडे असते. भिंत धरून चालते. बोलणं जडावलंय, एखादा शब्द मध्येच घसरतो. ज्या बाईने शाळेतल्या शेकडो मुलींना डोळे मिटून सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

एकदा तिने सुई मागितली. केतकीने दिली. आई खिडकीपाशी बसून दोरा ओवत राहिली. दोरा सुईच्या या बाजूने गेला, त्या बाजूने गेला. शेवटी आईने तो ओठांत ओला केला, पुन्हा प्रयत्न केला, आणि सुई केतकीच्या तळहातावर ठेवून दिली.

"नजर कमी झाली वं," ती म्हणाली. नजर ठीक होती. दोघींनाही माहीत होतं.

मग हळूच, शब्द शोधत, "पाचपांडे... आजी... फोन नाही आला त्यांचा?"

"त्या मुलाकडे गेल्या, बंगळूरला," केतकी म्हणाली.

आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्यानंतर केतकीच्या मिक्सरला तिनेच कधीतरी शिवून दिलेलं झालरीचं कव्हर तिने काढून ठेवलं, फ्रिजवरचा रुमालही. कुणाला काही न बोलता. आता स्वयंपाकघरात सगळ्या वस्तू उघड्या बसलेल्या असतात.

कंपनीने सॉफ्टवेअर बदललं. आता चिप तापली की ठिपका राखाडी होतो. सोबत सूचना आली, 'उपकरणाचा वरील भाग मोकळा ठेवावा.' नजमाने तपासणीतल्या तापमानाची मर्यादा वाढवायला लावली. पण ज्यांच्या घरचं इंटरनेट मुलं गेल्यापासून बंद पडलंय, त्यांच्या डब्यांपर्यंत नवं सॉफ्टवेअर पोचत नाही, हेही तिनेच सांगितलं. ते डबे भिंतीवर जुनाच हिरवा ठिपका दाखवत राहतात.

आणि केतकीला झोप येत नाही ती याच्यासाठी. ती रेवाच्या खोलीतली जागल काढून टाकून मोकळी झाली, पुन्हा नाकाखाली बोट धरून बसते. निषाद आता हसत नाही, तोही एक बोट पुढे करतो. पण आईने काही झबली पाठवली होती. कुठेतरी. शाळेतल्या जुन्या पोरींना, त्यांच्या एकट्या आयांसाठी, सासवांसाठी. केतकीने किती तऱ्हांनी विचारलं. आई डोळे मिटते, कपाळाला आठ्या घालते. "एक तर..." म्हणते, जिथे त्या दिवशी केतकीने तिचं बोलणं तोडलं होतं नेमकी तिथपर्यंत येते, आणि पुढचं नाव तिला सापडत नाही. शाळेत विचारलं, ओळखीत विचारलं. काही सापडली. सगळी नाही.

म्हणून केतकीचं आता तुमच्याकडेच एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत, तुमच्या गल्लीत, तुमच्या जुन्या गावात कुणी एकटी बाई राहत असेल, आणि तिच्या भिंतीवर पांढऱ्या डब्याला पिवळ्या कापडाचं झबलं असेल, तपकिरी खारींचं, डोळ्याभोवती बारीक पांढरी गोट, फार सुबक हातांनी शिवलेलं, तर ते काढा. नाहीतर नुसतं जा. ठिपका बघू नका, फोन उचलला नाही तर झोपली असेल असं म्हणू नका. दार वाजवा. ती उघडेपर्यंत वाजवत राहा.